पडद्यामागच्या वाटा



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्यांनी नांदेड-लातूरच्या दोन पिढ्यांना रंगमंचावर उभं राहायला शिकवलं. त्यांचे काही विद्यार्थी पुढे टीव्हीत गेले, कुणी कॅमेऱ्यासमोर, बरेचसे कॅमेऱ्यामागे. म्हणून यंदा व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा मी टीव्ही सुचवला. पण मला आज मालिकांविषयी बोलायचं नाही आणि कलावंतांविषयीही नाही. टीव्ही ज्या इमारतीत तयार होतो त्या इमारतीविषयी बोलायचं आहे. तिच्या भिंती, तिची दारं, तिचं छत आणि सगळ्यात जास्त तिच्यातल्या वाटा. माझं उमेदीचं आयुष्य स्टुडिओंच्या फ्लोअरवर आणि कंट्रोल रूममध्ये गेलं. त्यातून जे पक्कं पटलं ते आधीच सांगून टाकतो. स्टुडिओ बांधताना खोलीचा विचार सगळे करतात, वाटांचा फार थोडे करतात, आणि काम चांगलं होणार की रखडणार हे वाटांवर ठरतं. यातली सगळ्यात लांबची वाट म्हणजे जिल्ह्यापासून स्टुडिओपर्यंतची. मराठवाड्यासाठी ती वाट आजवर कुणी नीट आखलेली नाही.

आधी ती खोली पाहून घेऊ. तिला खिडकी नसते. मोठ्या स्टुडिओत आठ-दहा मीटर उंचीवर लोखंडी जाळं असतं, त्याला ग्रिड म्हणतात, आणि दिवे त्यावरून खाली सोडलेले असतात. जुन्या सिनेमाच्या स्टुडिओत लाकडी तराफे टांगलेले असत आणि लाइटमन त्यावर चढून दिवे हलवत. टीव्हीत तेवढा वेळ नसतो. दुपारी शेतीची चर्चा, संध्याकाळी गाणी आणि रात्री मुलाखत एकाच फ्लोअरवर घ्यायची तर मधल्या तासा-दोन तासांत सेटही बदलायचा आणि दिवेही. म्हणून दिवे मोटरने खाली येतात, माणसाच्या हाताशी लागतात आणि परत वर जातात. जमिनीचं तर आणखी कडक. सिनेमात कॅमेरा रुळांवरून सरकतो. टीव्हीच्या फ्लोअरवर तीन-चार कॅमेरे एकाच वेळी चालू असतात, रूळ टाकले तर एकाच्या चित्रात दुसऱ्याचे रूळ येतील. तेव्हा चाकांवरचं स्टँड चालू शॉटमध्ये कुठूनही कुठेही सरकवता यावं आणि चित्र जराही हिंदकळू नये, इतकी सपाट जमीन लागते. फरशीचा एक सांधा वर आलेला चालत नाही. सांधा नसलेला, न चकाकणारा लेप देतात, आणि तो देणारा कारागीर चांगला मिळाला तर स्टुडिओचं निम्मं नशीब तिथेच उघडतं.

आत जायचं दार म्हणजे दोन दारं आणि मधे लहानशी मोकळी जागा. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. याला साउंड लॉक म्हणतात. दारावर लाल दिवा पेटलेला असेल तर मंत्री असो की चहावाला, बाहेर थांबायचं. फ्लोअरला लागून कार्यक्रमाची कंट्रोल रूम असते, तिला सगळे पीसीआर म्हणतात. तिथे बसलेला निर्माता फ्लोअरकडे बघतही नाही, त्याचे डोळे समोरच्या पडद्यांवर असतात आणि कानावरून सगळ्यांशी बोलणं चालू असतं. सगळ्या स्टुडिओंची चित्रं शेवटी ज्या एका खोलीत जमतात आणि तिथून प्रक्षेपकाकडे किंवा उपग्रहाकडे रवाना होतात ती मास्टर कंट्रोल रूम, एमसीआर. ती कधी झोपत नाही.

आता वाटा. सेटची भिंत, म्हणजे लाकडी चौकटीवर कापड किंवा प्लायवूड ठोकलेला फ्लॅट, दहा-बारा फूट उंच असतो. सुतारशाळेत तो बनतो, रंगशाळेत रंगतो, मग फ्लोअरवर जातो. सेटिंगची चार माणसं तो उभाच्या उभा धरून चालतात. वाटेत एक काटकोनी वळण आलं, एक बुटकी चौकट आली, की फ्लॅट आडवा करावा लागतो, कोपरा ठेचतो, रंग खरवडतो आणि फ्लोअरवर पोचल्यावर रंगारी पुन्हा बोलवावा लागतो. त्याच वेळी त्याच बोळातून नऊवारी नेसून, नथ सांभाळत एखादी कलावंत येत असते. एकजण भिंतीला चिकटून उभा राहतो, दुसरा वाट देतो, तिसरा ओरडतो. अर्धा तास जातो. टीव्हीत अर्धा तास म्हणजे एक अख्खा कार्यक्रम. मी हा गोंधळ इतक्या ठिकाणी पाहिला आहे की नकाशा हातात आला की पहिल्यांदा सुतारशाळेपासून फ्लोअरपर्यंत बोट फिरवून बघायची सवयच लागली.

या गोंधळावर सगळ्यात सुंदर उत्तर लंडनमध्ये सापडलं. बीबीसीने पश्चिम लंडनमध्ये टेलिव्हिजन सेंटर बांधायचं ठरवलं तेव्हा वास्तुकार ग्रॅहम डॉबर्न यांच्यापुढे एक अडनिड आकाराची जागा होती. काय करावं सुचेना म्हणून त्यांनी पाकिटावर एक प्रश्नचिन्ह काढलं आणि त्याच्याकडे बघता बघता त्यांना नकाशा दिसला, ही गोष्ट वास्तुकलेच्या वर्गांत अजून सांगतात. प्रश्नचिन्हाचा वळसा म्हणजे मुख्य इमारत आणि खालची शेपटी म्हणजे पुढची वाढ. गोल इमारतीच्या आतल्या बाजूला कचेऱ्या, मेकअपच्या खोल्या, कलावंतांची दालनं. बाहेरच्या बाजूला पाकळ्यांसारखे स्टुडिओ. आणि त्यांच्याही बाहेरून सेट वाहून नेण्याचा छप्पर घातलेला गोल रस्ता, जो थेट नेपथ्याच्या कार्यशाळेत जातो. कलावंत आतून येणार, सेट बाहेरून येणार, दोघांची गाठ फक्त फ्लोअरवर. २९ जून १९६० ला ही इमारत सुरू झाली आणि २०१३ पर्यंत बीबीसी तिथे नांदली. आता तिथे बहुतांशी राहण्याचे फ्लॅट आहेत, काही स्टुडिओ मात्र ठेवले आहेत. मधल्या गोल चौकात एक कारंजं होतं. त्याच्या पाण्याचा आवाज भोवतालच्या खोल्यांत काम करणाऱ्यांना त्रास देई म्हणून ते बरेचदा बंदच ठेवावं लागे, असं सांगतात. इतक्या विचारी नकाशातसुद्धा आवाजाने वाट काढलीच.

आपल्याकडे टीव्ही आला दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ ला. त्या सुरुवातीच्या माणसांत आपले पु. ल. देशपांडे होते आणि पंडित नेहरूंची दूरदर्शनवरची मुलाखत त्यांनी घेतली. महाराष्ट्राला मात्र २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशी मुंबई केंद्र सुरू झालं, आणि वरळीची ती इमारत मराठी टीव्हीचं पहिलं घर झाली. लंडनसारखी ऐसपैस जागा मुंबईत कुठून मिळणार? वरळीत सगळं एकमेकांना खेटून आहे. पण त्या खेटाखेटीत एक गुण होता. त्या काळी बातमी १६ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित व्हायची. फिल्म धुवायची, वाळवायची, कापायची, जोडायची, मग यंत्रावर चढवून प्रक्षेपित करायची. घटना दुपारी घडली आणि बातम्या संध्याकाळच्या असल्या तर मधला प्रत्येक जिना मोजला जायचा. इमारत आटोपशीर असेल तरच हे जमतं. निवेदक, सुतार, कॅमेरामन, वाद्यवृंद सगळे एकाच आवारात. तिथून 'गजरा' आला, 'ज्ञानदीप' आला, 'प्रतिभा आणि प्रतिमा' आला. आणि 'आमची माती आमची माणसं' सुद्धा तिथूनच आला.

या शेवटच्या कार्यक्रमापाशी मला थांबायचं आहे. महाराष्ट्राच्या शेतीचा कार्यक्रम वरळीच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तयार होत होता. करणाऱ्या मंडळींनी तो मनापासून केला, गावोगाव कॅमेरे नेले, आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण स्टुडिओत बसून बोलायचं असेल तर औसा किंवा मुखेडच्या शेतकऱ्याने एका रात्रीचा प्रवास करून मुंबई गाठायची, दादरला उतरायचं, पत्ता शोधत वरळीला जायचं, लाल दिव्याखाली थांबायचं आणि दहा मिनिटं बोलून परत गाडी पकडायची. किती जणांना हे परवडणार? त्यामुळे पडद्यावर जो शेतकरी वारंवार दिसला तो मुंबईपासून एका दिवसाच्या अंतरातला. याला कुणाचा दुस्वास कारण नाही. वाटच तशी होती.

आणि प्रक्षेपणाचं गणित तर आणखी निष्ठुर. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच आहे, देशातल्या सर्वांत उंच बांधकामांपैकी एक. तरीही टीव्हीच्या लहरी जवळपास नजरेसारख्या सरळ जातात. पृथ्वीचा गोलावा लक्षात घेतला तर ३०० मीटरवरून साठ-सत्तर किलोमीटरपर्यंतचं दिसतं, आणि मधे सह्याद्री उभा. म्हणून पुण्याला टीव्ही द्यायला १९७३ मध्ये सिंहगडावर वेगळं केंद्र उभारावं लागलं. नांदेड मुंबईपासून सरळ रेषेतसुद्धा पाचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मराठी टीव्हीची पहिली दहा-बारा वर्षं आपण ऐकीव माहितीवर काढली. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला, १९८४ मध्ये देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक धडाक्याने उभे राहिले आणि टीव्ही मराठवाड्याच्या शहरांत पोचू लागला. पण हे लहान प्रक्षेपक वीस-पंचवीस किलोमीटर पुरत आणि ते उपग्रहावरून मुख्यतः दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम घेत. मराठवाड्यातल्या घरांत टीव्ही पहिल्यांदा बोलू लागला तो बऱ्याच अंशी हिंदीत. वरळीच्या स्टुडिओतलं मराठी आपल्याला नंतर भेटलं. पुढे अंबाजोगाईसारखी मोठ्या शक्तीची केंद्रं झाली, १९९४ मध्ये मराठीसाठी वेगळी उपग्रह वाहिनी आली आणि २००० मध्ये तिचं नाव सह्याद्री झालं. आता दूरदर्शनचे जमिनीवरचे बहुतेक जुने प्रक्षेपक बंद झाले आहेत. मनोरे उभे आहेत, त्यांच्या पायथ्याच्या इमारतीही उभ्या आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी पुढे तिचा उपयोग करणार आहे.

आता भिंतींकडे येतो, कारण भिंतींविषयी बोलायचा अधिकार आपल्या भागाइतका कुणाला नाही. आवाज अडवायला वजन लागतं. एकसंध भिंतीचं वजन दुप्पट केलं की पलीकडे जाणारा आवाज साधारण सहा डेसिबलने कमी होतो, हा ध्वनिशास्त्रातला पहिला धडा. आपल्या जुन्या माळवदाच्या घरात शिरलं की बाहेरचा बाजार एकदम दूर गेल्यासारखा वाटायचा तो याचमुळे. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, वर लाकडाच्या आढ्यांवर मातीचा जाड थर. आत गारवा आणि शांतता. जुना वाडा आणि चांगला स्टुडिओ यांच्या आतल्या हवेचा पोत सारखा असतो. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी आणि भोवतालच्या गावांत त्याच वजनाने हजारो माणसं गाडली. मातीच्या सांध्यातले गोल दगड सुटले आणि माळवदाचं छत झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जड भिंतीची भीती ही पुस्तकातली गोष्ट राहिली नाही.

मग स्टुडिओ बांधणाऱ्याने करायचं काय? आवाजाला वजन हवं आणि भूकंपाला वजन नको. याचं उत्तर आहे, आणि ते फार हुशार उत्तर आहे. एक जाड भिंत बांधण्याऐवजी दोन हलक्या भिंती बांधायच्या, मधे हवेची पोकळी ठेवायची, पोकळीत दगडी लोकर भरायची आणि दोन्ही भिंती एकमेकींना कुठेही भिडू द्यायच्या नाहीत. बाहेरच्या भिंतीचं थरथरणं आतल्या भिंतीपर्यंत पोचतच नाही. आतली खोली रबरी गाद्यांवर तरंगती ठेवायची, जमिनीसकट. खोलीत खोली. सगळा भार लोखंडी सांगाड्यावर, भिंती केवळ पडद्यासारख्या. अशी रचना नीट केली तर त्याच वजनाच्या एका भिंतीपेक्षा कितीतरी जास्त आवाज अडतो, आणि हादरा बसला तरी छपराचा डोंगर डोक्यावर येत नाही. पण एक अट आहे. एखाद्या मिस्त्रीने सोय म्हणून दोन भिंतींच्या मधे एक विटेचा तुकडा अडकवून ठेवला किंवा विजेचा पाइप दोन्हींतून आरपार नेला, की त्या एका पुलावरून सगळा आवाज आत येतो. असा एक तुकडा शोधण्यासाठी भिंत उघडावी लागल्याचं मी पाहिलं आहे. म्हणून स्टुडिओचं बांधकाम चालू असताना तिथे रोज हजर राहणारा, पोकळीत हात घालून बघणारा माणूस हवा.

तशीच गोष्ट उष्णतेची. पूर्वीच्या हॅलोजन दिव्यांत जितकी वीज जाई तितकी जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत उरे. फ्लोअरवर शंभर किलोवॉटचे दिवे लागले तर ते थंड ठेवायलाच अठ्ठावीस टनांच्या आसपास वातानुकूलन लागायचं, माणसं आणि यंत्रं वेगळी. शिवाय घरातल्या एसीसारखी हवा सुसाट सोडता येत नाही, ती माइकमध्ये ऐकू येते. त्यासाठी माणूस आत शिरेल इतक्या रुंद नळ्यांतून हवा अगदी सावकाश सोडतात. मोठी यंत्रणा पाण्यावर चालते, थंड करण्याच्या मनोऱ्यांतून रोज भरपूर पाणी वाफ होऊन जातं. लातूरच्या माणसाला यापुढे काही सांगायची गरज नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा स्टेशनवर उभी राहिलेली माणसं आज या सभागृहात असतील. ज्या शहराला प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं, तिथे पाणी उडवणारा स्टुडिओ बांधायचा विचारसुद्धा करू नये. सुदैवाने एलईडी दिव्यांनी हा प्रश्न बराच सोडवला. तेवढाच उजेड पूर्वीच्या विजेच्या लहानशा हिश्शात मिळतो, त्या मानाने उष्णता कमी, आणि मग हवेवर चालणारी थंडाईची यंत्रंही पुरतात. तीस वर्षांपूर्वी मराठवाड्यात स्टुडिओ परवडणार नाही असं कुणी म्हटलं असतं तर त्यात तथ्य होतं. आज तसं राहिलेलं नाही.

आता हैदराबाद. मराठवाड्याच्या टीव्हीचा इतिहास मुंबईइतकाच हैदराबादेत घडला आणि आपण त्याची नोंद फार कमी ठेवली आहे.

९ जुलै २००० ला ईटीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाली. ती चालायची कुठून? हैदराबादच्या बाहेर, विजयवाड्याच्या रस्त्यावरच्या रामोजी फिल्म सिटीतून. ईनाडू हे तेलुगू दैनिक १९७४ मध्ये सुरू करणाऱ्या रामोजी राव यांनी १९९६ मध्ये खडकाळ टेकड्यांवर हे आवार उभं केलं. सोळाशे एकरांहून मोठं. जगातलं सर्वांत मोठं चित्रपट-स्टुडिओ संकुल म्हणून त्याची नोंद गिनेस बुकात आहे. आखणीत नीतीश रॉय या कलादिग्दर्शकाचा मोठा वाटा होता, आणि कलादिग्दर्शकाचा हात जागोजागी दिसतो. एका इमारतीला चार बाजूंनी चार चेहरे. एकीकडून विमानतळ, दुसरीकडून इस्पितळ, तिसरीकडून ग्रंथालय. रेल्वे स्टेशन आहे, त्याच्या फलाटावर हव्या त्या गावाची पाटी लावायची. बागा, रस्ते, बंगले, चाळी, हॉटेलं, सुतारशाळा, फिल्म धुण्याची प्रयोगशाळा, सगळं एका कुंपणात. निर्मात्याने नुसती पटकथा घेऊन यावं आणि तयार सिनेमा घेऊन परत जावं, ही त्यामागची कल्पना.

पण मला त्या विमानतळापेक्षा तिथल्या बातम्यांच्या विभागाचं अप्रूप जास्त आहे. एकाच आवारात तेलुगू, मराठी, बंगाली, कन्नड, उर्दू अशा कितीतरी भाषांच्या बातम्या शेजारी शेजारी तयार होत. एमसीआर, उपग्रहाच्या तबकड्या, जनरेटर, कँटीन, बसगाड्या सगळ्यांना सामाईक. खर्च वाटला गेला म्हणून मराठीसारख्या भाषेला जिल्ह्याच्या बातमीची चैन करता आली. ईनाडूने तेलुगूत जिल्ह्याजिल्ह्याच्या पुरवण्या काढून गावोगाव बातमीदारांचं जाळं विणलं होतं, तेच तंत्र इथे टीव्हीत आलं. तोवर मराठी टीव्हीवर नांदेड दिसायचं ते पूर आला किंवा दुष्काळ पडला की. आता लोह्याचा बाजार, उदगीरचा रस्ता, कंधारचं धरण रोजच्या बातमीत येऊ लागलं.

आणि माणसं! नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई त्याच्या दुपटीहून जास्त. लातूरकराला उदगीर-बिदरकडून वाट सोपी. देगलूर-बिलोलीच्या माणसाला तेलुगू कानावरची. आमच्या वडलांच्या पिढीला तर हैदराबाद हीच राजधानी होती, १९४८ पर्यंत निजामाची आणि १९५६ पर्यंत राज्याची. उस्मानिया विद्यापीठात शिकलेले, विवेक वर्धिनीत शिकवलेले मराठी लोक घराघरांत होते. त्यामुळे मुंबईला जायला कचरणारी मुलं हैदराबादला सहज गेली. मराठवाड्यातल्या कितीतरी तरुण-तरुणींनी बातमी लिहायला, कापायला, वाचायला तिथे शिकून घेतलं. पुढे मुंबईत बातम्यांच्या वाहिन्या निघाल्या तेव्हा यांतले बरेच तिथे गेले. आजही मुंबईच्या न्यूजरूममध्ये 'काय करायलास' असं ऐकू आलं की मला मूळ ओळखायला वेळ लागत नाही. हैदराबादच्या त्या टेकड्यांवर, तेलुगू सुतारांनी बांधलेल्या सेटवर, मराठवाड्याच्या मराठीला पहिल्यांदा टीव्हीत नोकरी मिळाली. पुढे ही वाहिनी नेटवर्क १८ कडे गेली आणि २०१५ मध्ये तिचं नाव कलर्स मराठी झालं. रामोजी राव ८ जून २०२४ ला गेले. त्यांचं स्मरण मराठवाड्याने कृतज्ञतेने करावं असं मला मनापासून वाटतं.

मुंबईतल्या गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीविषयी थोडक्यात बोलतो, कारण तिच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. १९७७ मध्ये राज्य सरकारने गोरेगावला पाचशे एकरांहून अधिक जंगलाच्या कडेची जागा दिली. मोठ्या मालिका आणि खेळांचे कार्यक्रम तिथे होतात. पण आजची बरीचशी मराठी मालिका स्टुडिओत होतच नाही. ती ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा मढच्या भाड्याच्या बंगल्यांत आणि गोदामांत होते. मेकअप व्हॅन दारात, जनरेटर गल्लीत, कलावंत जिन्यात. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीने महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा काही मालिकांनी आठवड्याभरात आपला बाडबिस्तारा गोवा, दमण, हैदराबादकडे हलवला. मालिकेचं घर आता कुठेही मांडता येतं हे त्या वर्षी सगळ्यांनी पाहिलं. मग ते नांदेडला का मांडता येऊ नये?

दर निवडणुकीला कुणीतरी मराठवाड्यात फिल्म सिटी आणण्याचं बोलतं. मला ती मागणी पटत नाही. शेकडो एकर जमीन, खोटे किल्ले, खोटी स्टेशनं यांची आपल्याला गरज नाही. खरे किल्ले कंधारला आणि औशाला उभे आहेत. आपल्याला एक नीट बांधलेला फ्लोअर हवा. पंधरा मीटर लांब, बारा मीटर रुंद, छताखाली सात मीटर मोकळी उंची. तीन कॅमेरे, एक पीसीआर, संकलनाच्या दोन खोल्या. लातूरच्या ट्यूशन एरियात क्लासवाल्यांनी व्याख्यानं चित्रित करायला खोल्या केल्या आहेत, म्हणजे कॅमेरा चालवणारी, आवाज लावणारी मुलं इथे तयार होत आहेत. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्राचं शिक्षण आहे, नाट्यशिक्षण आहे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी दरवर्षी संघ उभे राहतात, सेट बांधतात, एक प्रयोग करतात आणि सेट मोडून टाकतात. पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९७४ मध्ये टीव्हीचं प्रशिक्षणही दिल्लीहून तिथे आलं, ते तयार भिंती आणि तयार कारागीर होते म्हणून. आपल्याकडे भिंती कुठून आणायच्या, असा प्रश्न येईल. दूरदर्शनच्या बंद पडलेल्या प्रक्षेपण केंद्रांची मी मघाशी आठवण करून दिली. त्यांना कुंपण आहे, रस्ता आहे, जास्त दाबाची वीज आहे, जागा वस्तीपासून जरा बाजूला आहे. स्टुडिओच्या जागेत नेमकं हेच शोधावं लागतं. ही आवारं प्रसार भारतीकडून विद्यापीठाने किंवा महापालिकेने मागावीत.

आखणीचं थोडं सांगतो आणि थांबतो. पश्चिमेला सुतारशाळा आणि सेटचं कोठार ठेवायचं, म्हणजे दुपारनंतरचं ऊन त्यांच्या भिंतींनी झेललं आणि फ्लोअर थंड राहिला. त्याच बाजूला ट्रक मागे घेता येईल असं चार मीटर रुंदीचं दार, आणि तिथून फ्लोअरपर्यंत एकही वळण नाही. जनरेटर पूर्वेच्या टोकाला, स्वतंत्र पायावर, कारण आपला पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि आवाज दूर नेतो. पीसीआर दक्षिणेला, फ्लोअरच्याच पातळीवर. विद्यार्थ्यांना जिना चढून जावं लागलं तर ते फ्लोअर आणि कंट्रोल यांतलं निम्मंच शिकतील. उत्तरेला, सावलीच्या बाजूला, बाहेरून येणाऱ्यांसाठी जुन्या वाड्यांना असे तशी मोठी ढाळज. बसायला दगडी ओटा, पाण्याचा माठ, पायातली धूळ झटकायला जागा. शेतावरून थेट आलेला माणूस, दिंडीतला विणेकरी, शाहीर, बचत गटाच्या बायका तिथे टेकतील, आपसात बोलतील, आणि त्याच आवाजात, त्याच बोलीत साउंड लॉकची दोन दारं ओलांडून आत जातील. मेकअपची खोली ढाळजेला लागून, पण तिच्यात जायची सक्ती नाही.

हा नकाशा मी कागदावर काढून आणला आहे. मागच्या टेबलावर पसरून ठेवतो. सभागृहात बांधकामातली, विजेची, नाटकातली बरीच मंडळी दिसतात. पेन्सिली ठेवल्या आहेत. जिथे चुकीचं वाटेल तिथे खुणा करा, मोजमापं बदला, आणि कागदाच्या मागे आपलं नाव व फोन लिहा, म्हणजे पुढच्या महिन्यात जागा पाहायला आपण एकत्र जाऊ.